शेजारणीचं पोस्टाने आलेलं कार्ड

मंडळी, हसू नका हं.

दिवाळीत शेजारच्या जोनआजींना स्टीलच्या डब्यात बेसनाचे लाडू देऊन आले होते. वाटलं, डबा परत करायला येतील तेव्हा आत बोलावू, चहा टाकू. नवरा सोमवार ते शुक्रवार कामासाठी लीड्सला असतो. इथे बर्मिंगहॅमच्या घरात आठवडाभर माझ्याशी बोलतो तो फक्त टीव्ही.

काल सकाळी डबा दाराबाहेर पायरीवर दिसला. घासून लख्ख, आणि रिकामा! आपल्याकडे चिमूटभर साखर तरी घालून देतात. बाईंनी बेलसुद्धा वाजवली नाही. जाम चिडले.

आज दुपारी पोस्टमनने कार्ड टाकलं. जोनआजींचंच! आमच्यात एकच भिंत आहे हो, त्यांचा खोकलासुद्धा मला ऐकू येतो. तरी तिकीट लावून पाठवलंय. आत थरथरत्या अक्षरात लिहिलंय, "लाडू रोज एक असे पुरवून खाल्ले. तुला त्रास नको, म्हणून बेल वाजवली नाही."

अहो आजी, त्रासच तर हवा होता!

डब्यात चिवडा भरून तासभर बसलेय. आता मलाच वाटतंय, त्यांना त्रास होईल का?

खरं सांगा, तुमच्या दारावर न कळवता शेवटचं कोण आलं होतं?