मंगळवारच्या टेबलावरचं व्हिएतनाम

२०२४ सालचा नोव्हेंबर संपत आलाय, रॉटरडॅमची झाडं उघडी पडली आहेत. म्हातारी माणसं एका टेबलाशी बसली की किस्से साठत जातात. सांगायला कोणी नसतं, म्हणून लिहितो.

मी सातवी पास. तीस वर्षं मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये ऑइलमन होतो. बायको गेली, मग मुलाने इथे आणलं. तो आणि सून कामावर जातात, नातू डचमध्ये उत्तर देतो. मंगळवारी वस्तीच्या केंद्रात कॉफी मिळते. आठवड्यात तेवढाच दिवस माझ्याशी कोणी बोलतं. टेबलावर पीट, बंदरातला जुना क्रेनवाला, एके काळचा कम्युनिस्ट. आणि थान्ह, व्हिएतनाममधून होडीने निसटलेला शिंपी. आमची भाषा मोडकी इंग्रजी. वाद एकच, थान्हचा देश सुधारला की नाही.

*

व्हिएतनामच्या हायफाँग बंदरात मी जहाजाबरोबर दोनदा गेलो. पहिल्या खेपेला तिथल्या हमालाने माझ्याकडून साबणाची वडी मागून घेतली. बारा वर्षांनी त्याच धक्क्यावर एकाने मला साबण विकला.

पीट म्हणाला, "म्हणजे समाजवाद बुडाला."

थान्ह म्हणाला, "म्हणजे साबण आला."

*

पीट हनोईला फिरून आला तो चिडूनच. "क्रांतीच्या म्युझियमसमोर कॉफीचं झकपक दुकान!"

"प्यायलास?" थान्हने विचारलं.

"प्यायलो."

"कशी होती?"

"उत्तम. त्याचाच तर राग आला."

*

युनिव्हर्सिटीतली एक मुलगी प्रश्न घेऊन आली. व्हिएतनामात बाजार उघडला, पण पक्ष एकच. हे टिकेल का? पीट चाळीस मिनिटं बोलला. मी म्हणालो, "टिकलंय की."

थान्हने तिलाच विचारलं, "माझं नाव लिहिणार?"

"नाही," ती म्हणाली.

थान्हच्या खिशात चाळीस वर्षं डच पासपोर्ट आहे. तरी पक्षाबद्दल तो तिच्याशी एक शब्द बोलला नाही.

*

उन्हाळ्यात पीट मुलीकडे दूर राहायला गेला. टेबलावर आम्ही दोघेच उरलो.

*

त्याआधी, जानेवारीत, मी बर्फावर घसरलो. खुबा मोडला. मुलगा-सून लग्नाला पुण्यात होते. थान्ह दोन दिवस हॉस्पिटलात माझ्या खाटेशेजारी बसून राहिला. नर्स म्हणाली, "फक्त नातेवाईक."

"भाऊ आहे," तो म्हणाला.

तिने आमची तोंडं पाहिली आणि त्यालाही चहा आणून दिला.

कोणाचं घेऊन ठेवायची मला सवय नाही. ते ऋण डोक्यावर राहिलं.

*

गेल्या रविवारी थान्हचा सख्खा थोरला भाऊ आला. थान्ह पळाला तेव्हाही तो पक्षात होता, आजही आहे. आता दोन हॉटेलंही आहेत. थान्हला कायमचं परत घेऊन जायला आला होता.

थान्ह मला म्हणाला, "तू नुसता येऊन बस."

बसलो. तासभर भाऊ बोलत होता, थान्ह भिंतीकडे बघत होता. मग थान्ह माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाला, "ह्याचं मला खरं वाटत नाही. तू सांग. मी तिथे राहू शकेन?"

नाही म्हटलं असतं तर तो थांबला असता. मंगळवार राहिला असता.

"पोट भरेल," मी म्हणालो. "तोंड सांभाळावं लागेल."

"ते मी इथेही सांभाळतो," थान्ह म्हणाला. भाऊ हसला नाही. चहा ओतायला लागला.

तिकीट डिसेंबरचं निघालं. ट्रामपर्यंत थान्ह मला सोडायला आला.

"हॉस्पिटलचं फिटलं," तो म्हणाला.

"फिटलं," मी म्हणालो.