आकाराम हेड्याची ड्रायव्हरी

६ फेब्रुवारी १९७४ रोजी पलूसच्या आकारामने बैलबाजारातली शेवटची दलाली घेतली, साडेअकरा रुपये. अशा दलालाला बाजारात हेडी म्हणतात आणि हेड्याच्या शब्दावर विश्वास ठेवू नये, हे पोरासोरांनाही ठाऊक असते. म्हाताऱ्या बैलाची शिंगे तासून, रंगवून त्याला तरणा करण्यात आकारामची वीस वर्षे गेली होती.

धंदा सोडला तो लेकीपायी. शिराळ्याच्या स्थळाने कळवले होते, मुलगी पसंत आहे, पण हेड्याच्या घरात सोयरीक करणार नाही. बायको विजयमाला म्हणाली, "आवं, बैलाचं दात मोजून पोरगी उजवायची न्हाई. पगाराचं काम बघा कायतरी."

तिचा भाऊ हंबीरराव फौजेत गाड्या चालवून आला होता. त्याने दोन महिन्यांत मेहुण्याला ट्रक शिकवला, लायसन काढून दिले आणि सांगलीचे गुळाचे व्यापारी तवनाप्पा यांच्यासमोर उभे केले. तवनाप्पांनी सांगितले, "महिनाभर बघतो. गूळ दुपारी बाराच्या आत साताऱ्याला उतरला पाहिजे. उशीर झाला की किल्ली इथं ठेवायची."

आकाराम ट्रकही बैलासारखाच हाकी. चढाला त्याच्याशी बोले, चढ संपला की थांबून त्याला दम खाऊ देई. पण त्याची खरी विद्या कामी आली ती वाटेवरच्या एका जकात नाक्यावर. गावाचे नाव सांगण्याची गरज नाही. प्रत्येक गावाला ते आपलेच वाटेल. जकात नियमाने ठरलेली होती. मात्र ढेपा उतरवून मोजायच्या की कागद बघून गाडी सोडायची, हे नाकेदाराच्या मर्जीवर होते, आणि मर्जीचा दर दहा रुपये होता. ड्रायव्हर चारचौघांत घासाघीस करत. त्यामुळे पदाचा मान राखण्यासाठी नाकेदाराला दरावर ठाम राहावे लागे.

आकारामने खांद्यावरचे उपरणे नाकेदाराच्या हातावर टाकले आणि बैलबाजारातल्यासारखा खालून हात घातला. एक बोट धरले की एक रुपया, पंजा धरला की पाच. तोंडाने दोघे उसाच्या दराबद्दल बोलत होते. कापडाखाली दहाचे सहा झाले, सहाचे तीन. कुणी पाहिले नाही, सबब कुणाचा मान गेला नाही. ते तीन रुपये तवनाप्पांच्या वहीत धर्मादाय खात्यावर पडले.

"गड्या, आमचंबी तेवढं बघ की," मागच्या गाडीचा ड्रायव्हर कृष्णात म्हणाला. आकारामने बघितले. हेडी दोन्हीकडून दलाली घेतो, तशी त्याने घेतली: ड्रायव्हरकडून आठ आणे, नाकेदाराकडून आठ आणे.

महिन्याच्या शेवटच्या फेरीला नाक्यावर अकरा गाड्या त्याची वाट बघत उभ्या होत्या. नाही म्हणणे त्याच्या हाताला जमले नाही. गूळ साताऱ्याला पोचला तेव्हा चार वाजले होते आणि उन्हाने ढेपा पाझरल्या होत्या.

सांगलीला परतल्यावर तवनाप्पांनी विचारले, "तू ट्रक चालवतोस का नाका?"

"आण्णा, आपली गाडी तीन रुपयांत सुटली."

"आणि बाकीच्या अकरा?"

"त्याबी तीनातच. एकबी चढ्या दरानं सोडली न्हाई."

"मग पगारबी त्यांच्याकडनंच घे," म्हणत तवनाप्पांनी किल्लीसाठी हात पुढे केला. आकारामने सवयीने त्या हातावर उपरणे टाकले आणि खालून दोन बोटे धरली. म्हणजे दोन दिवसांची मुदत. तवनाप्पांनी उपरणे झटकले आणि किल्ली काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी तो एस.टी.ने नाक्यावर गेला. नाकेदाराने त्याला आपल्या शेजारी स्टूल टाकून दिले.

चार दिवसांनी मुलाचे वडील आप्पासो शिराळ्याहून आले. "पावणं, कामाला कुठं असता?" त्यांनी विचारले.

आकारामच्या आधी विजयमालाच चहा ठेवता ठेवता म्हणाली, "जकात नाक्यावर. नाकेदारसाहेबांच्या शेजारीच बसत्यात."

"आमाला डायवर म्हनून सांगितलं हुतं," आप्पासो सावरून बसत म्हणाले. "ह्ये लय बरं झालं."

सोयरीक ठरली. लग्नात नाकेदारसाहेबांना वरपक्षाने पहिला फेटा बांधला.

तवनाप्पांची गाडी आता नवा ड्रायव्हर आणतो आणि ती तीन रुपयांतच सुटते. तिच्या चार फेऱ्यांची दलाली, दोन रुपये, अजून येणे आहे.