चोरांना हातभार

आमच्या गल्लीतली चोरी भर दुपारी झाली आणि चोरांना मदत आम्हीच केली. हे सांगितलं की लोक हसतात. हसू द्या. टेम्पोत कपाट चढवताना त्याची एक बाजू माझ्या नवऱ्यानं उचलली होती, हे कळल्यावर मीसुद्धा आधी हसले आणि मग मटकन खाली बसले.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बारामतीच्या कडेला शेतांचे प्लॉट पडत होते आणि त्यातल्याच एका शेतावर आमची कॉलनी उभी राहत होती. कुणी साखर कारखान्यात, कुणी एसटीत, कुणी एमआयडीसीत कामाला. एका घरानं कन्हेरी गावातली मेंढरं विकून इथं किराणा दुकान टाकलेलं. मी शाळेत शिकवायचे. सगळ्यांनी आधी कंपाउंड बांधलं आणि मग घर, यावरूनच काय ते समजा. शेजारी कोण राहतं ते दारावरच्या पाटीवरून कळायचं, आणि अर्ध्या घरांना पाट्याच नव्हत्या.

आमच्या समोरच्या घरात कारखान्यातले एक केमिस्ट आणि त्यांची बायको राहायची. तिचं माहेर इंदापूर, म्हणून ती आम्हाला इंदापूरच्या वहिनी. एवढीच ओळख. लग्नासाठी दोघं इंदापूरला गेलेली असताना टेम्पो आला. इस्त्रीचे शर्ट घातलेली तीन माणसं उतरली. साहेबांची बदली झालीय, सामान न्यायला पाठवलंय, असं त्यांनी सांगितलं आणि खिशातल्या किल्लीनं कुलूप काढलं. आमच्या शेजारचे आबा एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. टेम्पो दिसल्यावर त्यांना राहवतंय होय! "येऊ द्या, आजून येऊ द्या," करत त्यांनी तो दारापर्यंत मागं घेतला. किराणावाल्या वहिनींनी चहा केला. टीव्हीला ओरखडा पडू नये म्हणून घरातली गोधडी आणून त्यात गुंडाळून दिली. आमच्या ह्यांचं कपाट तर सांगितलंच.

दुसऱ्या दिवशी इंदापूरच्या वहिनी परत आल्या तेव्हा घरात भिंतींवरचे खिळे तेवढे उरले होते. पोलीस आले, पंचनामा झाला. किराणावाल्या वहिनी इंदापूरच्या वहिनींजवळच आपल्या गोधडीसाठी हळहळल्या आणि मला त्यांचा असा राग आला की काही विचारू नका.

मग पुरुषांनी गस्त सुरू केली. चोरी झाली दुपारी आणि हे फिरणार रात्री. चार दिवस काठ्या आपटल्या, एकदा पहाटे आपल्याच दूधवाल्याला धरलं आणि गस्त संपली. पण भीती काही संपली नाही. बायका दुपारी आतून कडी लावून बसायला लागल्या. बेल वाजली तरी कुणी दार उघडेना.

आणि अशा दिवसांत इंदापूरच्या वहिनी माझ्याकडे आल्या. मला वाटलं, आता भांडणार. भांडल्या असत्या तरी मी एक शब्द बोलणार नव्हते. त्या म्हणाल्या, "बाई, आमचं मालक घर इकायचं म्हणत्यात. कारखान्याच्या क्वार्टरला जाऊ म्हणत्यात. मला न्हाय जायाचं. या भिंतींस्नी रोज सकाळ-संध्याकाळ मी पाणी मारलंय."

मी ह्यांच्या वतीनं माफी मागायला लागले, तर त्यांनी हात धरला. "तुमच्या मालकांनी चोराला मदत न्हाय केली. माझं सामान हाय म्हणून उचललं त्यांनी. गोधडीबी माझ्या टीव्हीसाठीच आणली. एवढी चांगली माणसं, बाई, अन् मी लग्नाला गेलीया हे यातल्या एकालाबी ठाव न्हवतं. चूक कुठं झाली तर हितं झाली."

मुलांना नागरिकशास्त्र शिकवणारी मी, आणि घर धुऊन नेलेली ही बाई आमचीच बाजू घेऊन बोलत होती. येत्या रविवारी भर गल्लीत सगळ्यांची पंगत घालायची, हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. मी म्हटलं, "वहिनी, हे काय, गेलेल्या टीव्हीचं तेरावं का?" त्या खळखळून हसल्या. चोरी झाल्यापासून त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

आठवडाभर त्या दारोदार फिरल्या. प्रत्येक घरानं एक पदार्थ करायचा, पण जेवताना आपल्या घरचा घ्यायचा नाही, दुसऱ्यांचा घ्यायचा, असा त्यांचा नियम. आणि ज्याचा घ्यायचा त्याला तोंडानं विचारायचं, कुणी केलं, कसं केलं, गाव कुठलं. त्यांचा नवरा मात्र कुणाशी बोलेना. "ज्यांनी घर रिकामं केलं त्यांनाच जेवायला घाल," एवढंच तो म्हणाला, तेही आम्हाला ऐकू जाईल असं.

रविवारी सकाळी आबांनी गल्लीच्या तोंडाला उसाची रिकामी बैलगाडी आडवी लावून घेतली. सतरंज्या पडल्या. खपली गव्हाची खीर आली, शेंगोळ्या आल्या, भाकरीच्या चवडी लागल्या. कोपऱ्यावरच्या नर्सबाई मटकीची उसळ घेऊन आल्या आणि पातेलं झाकूनच उभ्या राहिल्या. त्यांच्या हॉलमध्ये बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती, आणि तेवढ्यावरून काही घरं त्यांच्याकडचा चहा टाळायची, हे त्यांनाही ठाऊक होतं. इंदापूरच्या वहिनींनी झाकण काढलं आणि विचारलं, "काळा मसाला घरचा का?" नर्सबाई सांगायला लागल्या त्या थांबेनात. उसळ सगळ्यांत आधी संपली. एका घरानं ती घेतली नाही, तेही मी पाहिलं.

पण बाकी जे पाहिलं त्यानं मी अक्षरशः थक्क झाले. दोन वर्षं एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून राहणारी माणसं एकमेकांना गाव विचारत होती. नर्सबाईंची रात्रपाळी कधी असते, आबांना दुपारी ऐकू कमी येतं, किराणावाल्यांचा भाऊ कुठल्या वारी येतो, सगळं बाहेर आलं. कुलपांवर एवढा खर्च केला होता आम्ही, आणि राखण खरी ही होती.

वहिनींचा नवरा आपल्या पायरीवर पाठ करून बसला होता. तेवढ्यात बैलगाडीला वळसा घालून एक अनोळखी गृहस्थ पायी आत आले. अख्खी पंगत खरकट्या हातांनी उभी राहिली.

"कोण पायजे?" आबांनी विचारलं.

"कुठनं आला?" किराणावाल्या वहिनी.

"कुणी पाठवलं?" हे आमचे हे, कधी नव्हे ते तावातावानं.

गृहस्थ गांगरले. पणदऱ्याचे बागायतदार होते, पोरांच्या शाळेसाठी बारामतीत घर बघत होते. "हितं एक घर इकायचं हाय म्हणं," ते म्हणाले. वहिनींच्या हातातली पळी खिरीच्या पातेल्यातच राहिली. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

नवरा उठला. पाहुण्याला "बसा" म्हणाला, ताट मागवलं, शेजारी स्वतःही बसला. पाहुणे जेवले, इकडंतिकडं बघत राहिले. शेवटी खिरीची वाटी खाली ठेवून त्यांनी अगदी सरळ मनानं विचारलं, "साहेब, एक इच्यारू का? वाईट वाटून घेऊ नका. अशी माणसं सोडून तुमी चाललाय कुठं?"

नवऱ्यानं आमच्याकडे पाहिलं, एकेकाकडे. मग आबांकडे, मग माझ्या नवऱ्याकडे जरा जास्तच वेळ.

"कुठं न्हाय," तो म्हणाला. "तुमाला दुसरं घर बघून देतो मी. याच गल्लीत प्लॉट हाय एक."

वहिनी रडतील असं मला वाटलं. माझेच डोळे भरून आले होते. त्यांनी पळी माझ्या हातात दिली, सतरंजीवर नवऱ्याशेजारी मांडी घातली आणि म्हणाल्या, "आता मला वाढा कुणीतरी. लई भूक लागलीया."