अठरा वर्षांची गाडी घेऊन खंडाळा ते मिरज

"आण्णा, एसटीनं जाऊ," मी म्हणाले, तेव्हा वडिलांनी ताटावरून मान वर केली. "का? मोटारसायकल काय पूजेला ठेवलीया?"

मिरजेच्या डॉक्टरांनी आण्णांच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन केलं होतं. आण्णांनी पुन्हा गाडी चालवायची की नाही, हे शेवटच्या तपासणीत ठरणार होतं. ते सैन्यातले निवृत्त हवालदार. गाडी अठरा वर्षांची आणि याच कंपनीची त्यांची तिसरी. आधीच्या दोघींनी कधी रस्त्यात सोडलं नाही, हे आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ऐकावं लागतं. शेवटी मी चालवायची, त्यांनी मागे बसायचं, असं ठरलं.

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या खंडाळ्यातून साडेसहाला निघालो. खंबाटकी घाट सकाळी लवकरच चढावा, नंतर ट्रकच्या मागे रांगत जावं लागतं. साताऱ्याच्या अलीकडे मिसळ खाल्ली. रस्सा झणझणीत, पाव ताजे. पुढे रस्त्याचं काम चालू आहे. दुचाकीवाल्यांनी रुमाल बांधाच, धूळ फार.

नऊच्या सुमारास उंब्रजजवळ गाडी दोन आचके देऊन बंद पडली. किका मारून माझा पाय भरून आला. डॉक्टरांची बाराची वेळ चुकली तर पुढची दीड महिन्यानं मिळणार होती. कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला, स्पीकरवर.

"मॅडम, हे मॉडेल आमच्या सिस्टीममध्ये दिसत नाही," पलीकडची मुलगी म्हणाली. "नवीन गाडीवर एक्सचेंज ऑफर आहे, सांगू का?"

आण्णा कडेच्या दगडावर जाऊन बसले. एरवी कंपनीविरुद्ध कुणी चकार शब्द काढला तर भांडणारा माणूस.

शेजारच्या टपरीवरच्या मावशी चहा घेऊन आल्या. "कंपनीच्याच कराडच्या सर्व्हिस सेंटरात संपतराव हायत. ह्यो घ्या नंबर, त्यास्नी लावा की फोन."

पाऊण तासात संपतराव आले. पन्नाशीचे, हाताला ग्रीस, आणि गाडी आमच्याच मॉडेलची! आण्णा दगडावरून उठलेच.

संपतरावांनी सीटखालून हाताच्या तळव्याएवढी काळी डबी काढली. इंजिनाला ठिणगी देणारी. "ही गेली. मागवाय लागंल. चार दिवस तरी."

"आमाला बाराला मिरजेत डॉक्टर हाय," आण्णा हळूच म्हणाले.

संपतरावांनी घड्याळ बघितलं आणि स्वतःच्या गाडीची सीट उघडली.

"आवं, हे काय करताय?"

"माजी डबी तुमच्या गाडीला लावतो. माजी गाडी मावशीजवळ ऱ्हाईल, मी वडापच्या जीपनं जातो."

"आन् आमी परत आलोच न्हाई तर?"

संपतराव हसले. "आठरा वर्सं गाडी अशी जपलीया तुमी. दुसऱ्याची डबी ठिवून घेताय व्हय?"

पेठ नाका, आष्टा, सांगली. दोन्हीकडे ऊस, आणि पाठीमागून आण्णांचं "जरा हळू, पोरी". बाराला दहा कमी असताना दवाखान्यात पोचलो. डॉक्टरांनी अक्षरं वाचून घेतली, टॉर्च मारला. "दिवसा चालवा आजोबा. अंधार पडायच्या आत घरी."

सांगलीत भडंगाचे पुडे घेतले आणि किल्ली आण्णांना दिली. त्यांनी आरसे आपल्या उंचीला लावून घेतले. मी मागे बसले. सहा महिन्यांनी त्यांची पाठ ताठ दिसत होती.

कराडला थांबलो. संपतरावांनी भंगारातल्या एका गाडीची चालू डबी शोधून ठेवली होती. ती आमच्या गाडीला लावून स्वतःची काढून घेतली. नव्या लावलेल्या डबीचे तेवढे साडेतीनशे घेतले. मजुरीचं नाव काढू दिलं नाही. भडंगाचा एक पुडा मात्र ठेवून घेतला.

दिवस मावळायच्या आत खंडाळा. दुसऱ्या दिवशी कंपनीचा मेसेज आला: आमची सेवा कशी वाटली, पाचपैकी किती तारे? आण्णांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला.

"ह्यात संपतरावास्नी येगळं द्यायचं कुठं?"

तशी सोय नव्हती. म्हणून त्यांनी कंपनीला पत्र लिहिलं, सैन्यातल्या रिपोर्टसारखं, मुद्देसूद. हेल्पलाइनवर काय घडलं ते आधी, उंब्रजला काय घडलं ते नंतर. दोन्हीत एक शब्द वाढवला नाही. शेवटी सही केली आणि सहीखाली आपल्या तिन्ही गाड्यांचे नंबर लिहिले.

मग हेल्मेट घेऊन पत्र टाकायला स्वतःच निघाले.