देवाला लागलेलं वॉशिंग मशीन

आमच्या गावच्या देवाला एकदा ऑनलाइन स्पर्धेत वॉशिंग मशीन लागलं.

हे मी अभिमानाने सांगत नाही. देवाने स्वतः फॉर्म भरला नव्हता. ज्याने भरला तो इसम गावच्या हायस्कुलात मराठी शिकवतो, शुद्धलेखनासाठी पोरांचे कान पिळतो आणि पालकसभेत उपदेश करतो. म्हणजे मीच.

गोष्ट दोन हजार सात-आठच्या सुमाराची. मालवणच्या बाजारात सायबर कॅफे निघाले होते आणि आसपासच्या गावांतली माणसं तिथे बसून मिक्सरपासून मोटारीपर्यंत काहीही जिंकायच्या तयारीत होती. म्हणून आमच्या मुख्याध्यापकांनी मला ‘ऑनलाइन स्पर्धा संयमाने खेळा’ या विषयावर बोलायला उभं केलं. मी पाऊण तास बोललो. पैसे मागणाऱ्या स्पर्धेच्या वाटेला जाऊ नका, आठवड्यातून एक तास पुरे, एका माणसाचा एकच फॉर्म, माहिती खरी द्या, आणि मुख्य म्हणजे घरच्यांपासून काही लपवू नका! टाळ्या पडल्या. (सभा संपली म्हणून पडल्या, असं सुनंदाचं मत. सुनंदा म्हणजे माझी बायको.)

त्याच्या आदल्या श्रावणात सुनंदा विहिरीवरच्या धुण्याच्या धोंड्यावरून घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. हाड सांधलं, पण पिळण्याचा जोर गेला तो गेलाच. चादर पिळताना ती ओठ घट्ट मिटून घ्यायची. ते मला ओटीवरून दिसायचं आणि फार वाईट वाटायचं. चहाचा पहिला घोट घशाखाली उतरत नसे. (दुसरा उतरायचा.) मशीन घ्यावं, तर त्या वर्षी छप्पर करायचं होतं. सुनंदाने कधी तक्रार केली नाही, त्यामुळे मला आणखीच अपराध्यासारखं व्हायचं, आणि मी तसाच अपराध्यासारखा ओटीवर बसून राहायचो.

अशात एका रविवारी सायबर कॅफेत मला ती स्पर्धा दिसली. कपडे धुण्याच्या पावडरवाल्यांची होती. दहा शब्दांत घोषवाक्य लिहा आणि वॉशिंग मशीन मिळवा. अकरा आठवडे चालणार, दर आठवड्याला नवं घोषवाक्य पाठवता येणार. पैसे मागत नव्हते, म्हणजे माझा पहिला नियम शाबूत होता. बाकीच्यांची हकिगत पुढे येईलच.

आमच्याकडे पहिलं ते देवाचं. झाडाचा पहिला आंबा देवाला, शेतातली पहिली लोंबी देवाला, आणि तीही निवडून, चांगल्यातली चांगली. मग जन्मातलं पहिलं घोषवाक्य मी स्वतःच्या नावावर कसं घालू? तेव्हा पहिला फॉर्म मी ग्रामदैवताच्या नावाने भरला आणि दुसरा माझ्या. एका नावाचा एकच फॉर्म हा नियम मी अजिबात मोडला नाही.

‘माहिती खरी द्या’ या नियमाने मात्र घाम काढला. नाव, लिंगेश्वर. इथवर ठीक. पण आडनावाशिवाय फॉर्म पुढे सरकेना, म्हणून गावकर लावलं. जन्मसालाची यादी एकोणीसशेच्या मागे जाईना, म्हणून तेच दिलं आणि देवाला एवढा तरुण केल्याबद्दल मनातल्या मनात माफी मागितली. व्यवसायाच्या यादीत नोकरी, धंदा, शेती, सल्लागार आणि निवृत्त एवढंच होतं. देवाला निवृत्त म्हणायची माझी छाती झाली नाही. मी ‘सल्लागार’ निवडलं. पत्ता देवळाचा दिला, पण देवाला फोन नसल्यामुळे नंबर आमच्या घरचा टाकला.

दर रविवारी मी दोन घोषवाक्यं तयार करून न्यायचो. त्यांतलं चांगलं देवाला आणि उरलेलं मला. एका तासाचा नियम मी कसोशीने पाळला. आता तासातली चाळीस मिनिटं लाइनच अडकून बसायची, ती मी धरत नसे एवढंच.

“अवो, दर आयतवारी मालवणात काय काम आसता तुमका?” सुनंदाने एकदा विचारलं.

“व्याकरणाचा गो,” मी म्हणालो.

तिने माझ्याकडे क्षणभर बघितलं आणि बादली उचलून ती विहिरीकडे गेली. तिला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता, म्हणून लपवलं. असं मी स्वतःला सांगत होतो आणि मला ते पटतही होतं.

स्पर्धा संपली, महिना गेला, आणि एक दिवस मी शाळेत असताना घरी फोन आला. तो आईने घेतला. तिने हे बोलणं मला वेळेवर सांगितलं असतं तर मी काहीतरी हातपाय मारले असते. पण मुंबईच्या कोणा भाविकाने देवाची चौकशी केली, यात सांगण्यासारखं तिला काही वाटलं नाही.

“लिंगेश्वर गावकर आहेत का?”

“ते देवळात आसतत,” आई म्हणाली.

“घरी कधी येतील?”

“घराक ते वर्षातसून एकदाच येतत, पालखीत बसान. एरवी आमीच जातंव.”

“वय बरंच आहे त्यांचं. तब्येत ठीक असते ना?”

“तेंच्याच कृपेन आमची ठीक आसा, बाबा.”

“बरं. त्यांचं सामान पाठवतोय. सही करतील ना ते?”

“सही नाय करणत. कौल देतत.”

पलीकडच्या माणसाने फोन ठेवला. बहुधा त्याने ‘करतील’ असंच लिहून घेतलं असावं.

पुढच्या सोमवारी तिठ्यावर एक टेम्पो थांबला आणि आतल्या माणसाने लिंगेश्वर गावकरांचा पत्ता विचारला. साऱ्या गावाने एका बोटाने देऊळ दाखवलं. सोमवार देवाचा, त्यामुळे सभामंडप भरलेला. मला शाळेत निरोप मिळून मी धावत पोचलो, तोवर मशीन देवासमोर उतरलं होतं आणि कोणीतरी त्याला हारसुद्धा घातला होता. कंपनीचा माणूस कॅमेरा घेऊन विजेत्याला शोधत होता. आमचे पुजारी, अण्णा गुरव, त्याला पुन्हा पुन्हा गाभारा दाखवत होते.

“अण्णा, ह्या मशीन माझा,” मी धापा टाकत म्हणालो.

“कागदार नाव कोणाचा?”

“देवाचा.”

“मगे?”

तेवढ्यात कंपनीच्या माणसाने घसा साफ करून विजेतं घोषवाक्य वाचायला घेतलं: “तिच्या हातांनाही मिळो एक रविवार.” बायकांच्या रांगेत सुनंदा उभी होती. तिने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि माझ्याकडे बघितलं. देवाने असं काही लिहिलं नसणार, हे तिला कळलं होतं. मला या सगळ्या प्रकरणात पहिल्यांदाच लाज वाटली. आनंदही झाला. दोन्ही एकदम झाल्यामुळे मी नुसता तोंड उघडं टाकून उभा राहिलो.

गावाने ठरवलं, देवालाच विचारायचं. आमच्याकडे मोठा प्रश्न आला की देवाच्या दोन बाजूंना पाकळ्या लावून कौल मागतात. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. त्याआधी गाऱ्हाणं घालायचं, आणि गाऱ्हाण्यात काही लपवायचं नसतं, म्हणून अण्णांनी मला बाजूला घेऊन सगळं विचारून घेतलं. मग हात जोडून त्यांनी आवाज लावला.

“बा देवा लिंगेश्वरा, बारा वहिवाटीच्या महाराजा!”

“व्हय महाराजा!” सारा गाव ओरडला.

“ह्या तुज्या लेकरान, मराठीच्या मास्तरान, तुका न विचारता तुज्या नावान फॉरम भरल्यान...”

“व्हय महाराजा!”

“तुजी जन्मतारीख खोटी घातल्यान, तुका सल्लागार म्हटल्यान...”

“व्हय महाराजा!”

“संयम बाळगा म्हणान लोकांका सांगल्यान आणि स्वता बायलेपासून लपवून अकरा आयतवार मालवणात जावन बसलो...”

या वेळचा ‘व्हय महाराजा’ बायकांच्या रांगेतून जरा जास्तच जोरात आला.

“तरी लेकराची चूक पोटात घालून, ह्या मशीन तेच्या घराक धाडूचा आसात, तर उजवो कौल दी!”

डावी पाकळी पडली. अण्णा भला माणूस, त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा डावी. तिसऱ्या वेळी तर अण्णांचं वाक्य पुरं व्हायच्या आत डावी! कंपनीच्या माणसाला संध्याकाळपर्यंत कणकवलीला पोचायचं होतं. त्याने अण्णांची सही घेतली, मशीन आणि गाभाऱ्याचा एकत्र फोटो काढला, देवाला नमस्कार केला आणि तो निघून गेला.

आता मशीन चालवणार कोण? सूचनांची पुस्तिका इंग्रजीत. “मास्तरान चालवायचा काय महाराजा?” अण्णांनी विचारलं, आणि उजवी पाकळी लगेच टपकली.

घरी जाताना मीच सुनंदाला म्हणालो, “तुझ्यासाठीच भरलंय गो फॉर्म.”

“म्हायत आसा. बरा लिवलास.” तिचे डोळे भरून आले होते. मला धीर आला, तेवढ्यात तिने विचारलं, “अकरा आयतवार म्हणजे एकेक तास?”

“लाइन अडकायची ना. कधी दोन.”

“आणि बादलीभर कपडे पिळूक किती वेळ लागता, म्हायत आसा?”

“नाय.”

“वीस मिंटां,” ती म्हणाली.

इतकं नेमकं वाक्य मला अकरा आठवड्यांत एकदाही सुचलं नव्हतं, आणि तिने तर दहा शब्दांची मर्यादाही ओलांडली नव्हती.

देवाच्या मशीनमध्ये आमच्या चादरी घालायला आईने साफ मनाई केली. त्यामुळे तेव्हापासून सोमवारी मी देवळात पालखीची वस्त्रं मशीनला लावतो आणि रविवारी घरच्या विहिरीवर धोंड्यासमोर धुणं घेऊन उभा असतो. सुनंदा ओटीवर बसून चहा पिते. तिचा पहिला घोटही सहज उतरतो, हे मी धोंड्यावरून पाहिलं आहे.

देवळातल्या मशीनची हमी केव्हाच संपली. घरातलं अजून चालू आहे, असं सुनंदा शेजारणींना सांगते. कपडे निघतात स्वच्छ, फक्त पिळताना आवाज फार करतं.