पेटी लगेच उघडायची नाही

सिलतऱ्याच्या पोलाद कारखान्यातली भट्टीवरची पाळी संपवून तो दुपारी तात्यापाऱ्यातल्या आपल्या खोलीत गिटारी दुरुस्त करतो. मी एसी गाडीतून गिटार आणली की तो तिची पेटी उघडू देत नाही.

"काहून घाई करून राहिले भैया? तिले इथली गरमी कळू द्या. नाही तं पॉलिश तडकते."

मग आम्ही तासभर बंद पेटीसमोर बसतो. तो बसल्या बसल्या पेंगतो.

काल मी पेटी घेऊन बसलो असताना तो माझ्यादेखतच भट्टीवरून आला आणि त्यानं फ्रिजमधली गार पाण्याची बाटली थेट डोक्यावर ओतून घेतली.

"अहो, जरा दम तरी खा," मी म्हणालो.

"माह्या अंगाले कुठं पॉलिश हाय?" म्हणत त्यानं गमछा घेतला आणि आधी पेटीवर उडालेले थेंब पुसले.