प्रश्न आपला पाहिजे

नलूच्या भावाचा फोन आला तेव्हा मी परीक्षेच्या वर्गावर होते. फोन टेबलावर थरथरत राहिला आणि मी मुलांवर नजर ठेवत राहिले. पेपर संपल्यावर बाहेर येऊन लावला, तर तो एवढंच म्हणाला, "सुरेखाताई, नलूताई गेली." सकाळी चहा पिताना छातीत कळ आली, दवाखान्यापर्यंतही पोचली नाही. याला सहा आठवडे झाले. मला अजून एका जागी बसवत नाही.

नलिनी किन्हीराजा गावची, शेतकऱ्याच्या घरची. मी वाशीमच्या दुकानदार जैन घरातली. अकरावीत एका बाकावर बसलो, तेवढी ओळख जन्मभर पुरली. मी इथल्याच कॉलेजात वाणिज्य शिकवू लागले, ती फिनलंडला संशोधनाला गेली आणि परत येऊन आमच्याच कॉलेजात लागली. तिचा विषय ऐकून लोक गोंधळत... सेवांमधलं नवोपक्रम-संशोधन. ती म्हणायची, "यंत्र नवं काढता येते, तशी काम कराची रीतही नवी काढता येते. दवाखान्यात, पोस्टात, बँकेत मानसाचा जीव काहून खाल्ला जाते, ते शोधाचं." देशात हे शिकलेली माणसं थोडी. ती तयार करायची, आणि त्यासाठी बाहेरच्या विद्यापीठाची जोड घ्यायची, हे तिनं मनावर घेतलं होतं.

तिच्या फिनलंडमधल्या मार्गदर्शक योहानाबाईंच्या विद्यापीठाकडून कराराचा मसुदा आला. आम्ही इथं फॉर्म भरून घ्यायचे, अभ्यास तिकडे होणार. प्रश्नावलीही तयारच होती. ती घेऊन नलू एका दवाखान्याच्या रांगेत गेली, मीही सोबत होते. 'सेवेबद्दल समाधानी आहात का?' सगळ्या बाया म्हणाल्या, "चांगलंच हाय." अनसिंगहून आलेली एक म्हातारी रिपोर्टसाठी तिसऱ्यांदा आली होती, तीही तेच म्हणाली. नलूनं कागद पिशवीत टाकला आणि तिच्या शेजारी फरशीवर बसली.

"आजी, सगळ्यात जड काय जाते?"

म्हातारी म्हणाली, "दुखणं सोसते माय. 'उद्या या' म्हणते ना, ते नाही सोसत."

नलूनं सही केली नाही. प्रश्न इथं ठरतील, उत्तरांचा अर्थ इथली माणसं लावतील, आणि दुसऱ्या राज्यांतल्या शिक्षकांनाही त्यात शिकवलं जाईल, असं तिनं उलट लिहून कळवलं. कित्येक महिने उत्तर नाही. प्राचार्य नाराज, तिची स्वतःची नेमणूक कायम होणंही याच कामावर टांगलेलं. मी चिडले. "करून टाक ना सही! मंग बदलव हळूहळू."

"मंग कोणी बदलवत नाही, सुरेखा. आपण गहू धाडत राहू अन् पीठ तिकडून आणत राहू."

"तुले घमेंड आली हाय," मी म्हणाले. ती पिशवी उचलून निघून गेली.

शेवटी योहानाबाई स्वतः आल्या. नलूनं त्यांना आधी त्याच रांगेत नेलं. अख्खी सकाळ त्या बायांमध्ये बसून होत्या, नलू शेजारी बसून एकेक वाक्य उलगडून सांगत होती. उठताना त्या म्हणाल्या, "आमच्याकडेही म्हातारी माणसं 'समाधानी' असंच लिहितात, पुढचं आम्ही कधी विचारलंच नाही. तुमचे प्रश्न आम्हालाही द्या." करार नव्यानं लिहिला गेला. इथले दोघं शिकायला तिकडे, तिकडचे दोघं इकडे, आणि आसाम, केरळ, ओडिशातल्या शिक्षकांची पहिली तुकडी. नलूनं सही केली. पहिलं सत्र आठ दिवसांवर असताना ती गेली.

घमेंडीचा तो शब्द मी परत घेतला नाही. आम्ही बोलू लागलो होतो, चहाही पीत होतो. पण तेवढं राहिलं. एकदा सत्र सुरू होऊ दे, मग सांगू, असं म्हणत राहिले...

सत्र सुरू झालं. दर मंगळवारी दुपारी तिच्याच खोलीत संगणकावर सगळे जमतात. त्या खोलीत एकच खुर्ची, तीही फायलींनी भरलेली, कारण नलू बोलायची ती येरझारा घालत. आता शेजारच्या वर्गातून बाकं आणावी लागतात. परवा मी दारात उभी होते. जागा कमी पडली तेव्हा आमची एक विद्यार्थिनी फायली उचलून नलूच्या त्या खुर्चीवर बसली आणि फायली तिनं मांडीवर घेतल्या. 'ऊठ' म्हणून ओरडावंसं वाटलं मला. तेवढ्यात ती पडद्यावरच्या योहानाबाईंना म्हणाली, "नाही मॅडम, हा प्रश्न आम्हाला पटत नाही," आणि का पटत नाही ते सांगू लागली. मुद्दा बरोबर होता. मी दारातच उभी राहिले, तिचं बोलणं संपेपर्यंत.